गांधीलमाशीनं टाळलेला कोपरा

१

पेटी होती तिथेच होती. कडी मात्र निघालेली, आणि आतला सूक्ष्मदर्शक गायब. ज्या कापसात मी तो गुंडाळून ठेवत असे, तो कापूस तेवढा चोरानं माझ्यासाठी शिल्लक ठेवला होता.

मी धर्मशाळेच्या ओट्यावर येऊन अशी बोंब ठोकली की ओतूरच्या त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. माणूस मात्र एकही हलला नाही. समोर इस्माईल पिंजारी कापूस पिंजत बसला होता. त्यानं मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. त्याच्या तोंडावरचं समाधान लपत नव्हतं.

ह्या गावाला मी नको होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही हे गाव नको होतं. सन १९०८चा आश्विन चालू होता. प्लेग दरसाल परत येई आणि त्याच्या मागोमाग सरकारी माणसं येत, घरं उघडी करत, आजाऱ्यांना गाडीत घालून गावाबाहेरच्या छावणीत नेत. त्यामुळे पितळेची नळी घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे प्लेगचा डॉक्टर, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. मी नीळकंठ ओगले, शेतकी खात्यात किडे पाहतो, माणसांच्या आजारातलं मला ओ का ठो कळत नाही, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. लोक म्हणत, "आसंच सांगत्यात समदे."

माझं काम धर्मशाळेच्या मागे, फतेचंद शेठच्या परसात होतं. तिथे त्याचा शेणखताचा मोठा खड्डा होता आणि त्या खतात हुमणी होती, म्हणजे ती पांढरी, जाड, वाकडी अळी. ह्या अळीवर एक मोठी काळी गांधीलमाशी टपून असते. ती खतावर उतरते, मिशांनी ठोकत ठोकत चालते आणि नेमकी जिथे हातभर खाली अळी असेल तिथेच खणते. आत जाऊन अळीला डंख करते, तिला लुळी करून तिच्या पोटावर अंडं घालते. वरून काही दिसत नसताना तिला हे कळतं कसं, हा माझा प्रश्न होता. उत्तर तिच्या मिशांत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मिशांवर बारीक खळगे, खुंट्या, चपट्या चकत्या आणि केस यांची नुसती दाटी दिसे. मी काही माश्यांच्या मिशा कातरून पाहिल्या. त्या माश्या उडत, मध खात, खतावरही बसत. पण अळी पायाखाली असली तरी खणायचं नाव घेत नसत.

दिवसभर खताशी बसून अंगाला घाण मारे, म्हणून मी दुपारी नदीवर जाई. तेवढ्या वेळात सामान राखायला जानकू होता. हा वरच्या डोंगरातला कोळी, माझी पेटी वाहायला ठेवलेला. सावळेराम जमादार आला तेव्हा जानकूनं एकच गोष्ट सांगितली.

"भाकर खाल्ली आन् डोळा लागला, जमादार. उठलो तवा साहेब वरडत व्हते."

जमादारानं त्याच्या थोबाडीत दिली. "डोंगरातला कोळी आन् पितळ बघून झोपला व्हय रं? चल चावडीत. तिथं आठवंल तुला."

मी मध्ये पडलो, तर जमादार माझ्यावरच उखडला. "तुमी किडे बघा, रावसाहेब. चोर आमी बघतो. आज-उद्या बोलला तर बोलला, न्हाईतर परवा सकाळी ह्याला जुन्नरला कचेरीत हुभा करतो."

जुन्नरच्या कचेरीत कोळ्याचं कोण ऐकणार होतं? सहा महिने तरी तो आत जाणार, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. आणि संध्याकाळी चावडीतून छड्यांचे आवाज यायला लागले.

२

दुसऱ्या दिवशी मी घरोघर हिंडलो. एवढा अपमान मी पुण्यात वर्षभरात गोळा केला नसता.

इस्माईलनं मला बसा म्हटलं नाही. अंगणात त्याच्या कोंबड्या पायात येत होत्या.

"गेलं ते लई ब्येस झालं," तो म्हणाला.

"तुम्ही घेतलंत का?"

"मी घेतलं आसतं तर चौकात आणून धोंड्यानं ठेचलं आसतं. समद्यांम्होरं. लपवतोय कशाला?" त्यानं हातातला पिंजायचा ठोका खाली टाकला. "तुमच्या असल्याच नळीवाल्यानं माझ्या घराची कौलं काढायला लावली. गाद्या, रजया, पोराची कुंची, समदं ह्याच अंगणात जाळलं. अब्बा त्या थंडीत गेले."

"तो मी नव्हतो."

"तुमी न्हाई तर तुमचा भाऊबंद. चला, निघा."

ह्या माणसाला माझा राग होता हे खरं, पण तो राग उजळ माथ्यानं वावरत होता. असा माणूस चोरून काही करत नाही, असं मला वाटलं. जमादाराला मात्र तसं वाटत नव्हतं. पेटीत कापूस सापडला म्हणजे पिंजारीही सामील, असं त्याचं डोकं चाललं होतं. तो कापूस मी पुण्याच्या बाजारातून आणला होता, हे सांगितल्यावर तो माझ्यावर रुसला.

फतेचंद शेठ दुकानात होता. मारवाडातून येऊन तीन पिढ्या झालेलं हे जैन घर, बोलणं अस्सल ओतूरचं.

"मी चोरीच्या दिवशी जुन्नरला व्हतो. आज सकाळी आलो. आख्ख्या बाजारानं बघितलंय," त्यानं मी काही विचारायच्या आतच सांगितलं. "आन् इचारायचं काय त्यात? कोळी ठेवलात, कोळ्यानं नेलं. आमच्या परसात तुमाला येऊ दिलं हीच चूक झाली माझी."

"परसावर ज्या माडीची खिडकी उघडते, तिथे कोण राहतं? तिथून कुणाला काही दिसलं असेल."

"माडीवर कुणी न्हाई. धान्याची पोती हायेत."

त्याच वेळी वरून कुणीतरी खोकलं. ओतूरची पोती खोकतात हे मला नवीन होतं. शेठनं तराजू इतक्या जोरात आपटला की मी पुढे काही बोललो नाही.

मागच्या दाराशी त्याची विधवा भावजय झमकूबाई पाणी गाळत होती. दुहेरी कापडातून पाणी गाळायचं, कापडात अडकलेले बारीक जीव पुन्हा पाण्यातच सोडायचे, हे तिचं रोजचं काम. मी तिला नमस्कार केला. तिनं पदर पुढे ओढला.

"काल दुपारी परसात कुणी आलेलं पाहिलंत का?"

"न्हाई."

"जानकूला पाहिलंत?"

"मी कुणालाबी बघितलं न्हाई. तुमी परसात येऊ नका आता. तुमचं यंत्र गेलं, काम संपलं. गावाला जावा."

तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्या नजरेत इतका द्वेष होता की मी दोन पावलं मागे झालो. मी ह्या बाईचं काय वाकडं केलं होतं, ते मला कळेना. आणि एवढ्या उकाड्यात माडीची खिडकी घट्ट का लावून घेतली आहे, तेही कळेना.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टानं खड्ड्याशी जाऊन बसलो. यंत्र नसलं तरी डोळे होते, आणि कुणी जा म्हटलं की मला तिथेच बसावंसं वाटतं.

ऊन चढलं तशा गांधीलमाश्या आल्या. खतावरून वीतभर उंचीनं घिरट्या घालत होत्या, उतरत होत्या, मिशा नाचवत चालत होत्या. मी सवयीनं विहिरीकडच्या कोपऱ्याकडे नजर लावली. आठवडाभर तो कोपरा माझा लाडका होता, कारण तिथलं खत जुनं आणि अळ्या दाट. तिथे एकेका वेळी पाच-सहा माश्या खणताना मी पाहिल्या होत्या.

आज तिथे एकही खणत नव्हती. एक उतरली, मिशांनी ठोकत चार बोटं चालली आणि उडाली. दुसरी उतरली, तीही उडाली. खड्ड्याच्या बाकी सगळ्या भागात नेहमीसारखी धांदल, आणि ह्या एका कोपऱ्यात सुतक.

मला आधी राग आला, की आता माश्यांनीही माझ्याशी वैर धरलं. मग लक्षात आलं. मिशा कातरलेली माशी अशी वागते, पण ह्यांच्या मिशा शाबूत होत्या. ठोकून पाहत होत्या आणि मगच उडत होत्या. म्हणजे दोष मिशांत नव्हता. खाली अळ्याच नव्हत्या.

हुमणी आपण होऊन जुनं खत सोडत नाही. कोपऱ्याचं खत वरून सारखं केलेलं होतं, ताजं शेणही टाकलेलं होतं, माणसाला काही ओळखू आलं नसतं. पण परवापासून आजपर्यंत कुणीतरी तो कोपरा खोल खणला होता आणि खणताना आतली अळी न् अळी बाहेर काढली होती. कशासाठी, ते समजायला मला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

मी फावडं शोधायला उठलो, आणि उठता उठता थबकलो. भिंतीलगत, शेवग्याच्या झाडाखाली, गांधीलमाश्यांचा एक आख्खा घोळका खाली-वर करत होता. तिथे खड्डा नव्हता. परवापर्यंत तिथे वाळका पाला सोडून काहीच नव्हतं.

४

शेवग्याखाली टोपलीभर शेणाचा ढीग होता. त्यावर बोरीच्या काटेरी फांद्या नीट रचलेल्या. भोवतालची माती उन्हानं भेगाळली होती, पण हा ढीग ओला होता. त्यावर नुकतंच पाणी शिंपडलेलं दिसत होतं. मी फांद्या सरकवल्या आणि बोटांनी शेण उकरलं. आत हुमणी होती, आणि एकही खोऱ्यानं कापलेली किंवा चिरडलेली नव्हती.

तेवढ्यात गल्लीत गलका झाला. जमादार जानकूला घेऊन जुन्नरच्या वाटेला लागला होता. हात बांधलेले, पाय सुजलेले, पाऊल टेकवताना तोंड वाकडं होत होतं. मी धावत जाऊन वाट अडवली.

"यंत्र सापडलंय. पाच मिनिटं थांबा."

जानकूनं माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमच्या मिशांपायी मी दोन दिस मार खाल्लाय," तो म्हणाला. "आता तरी खरं बोला."

गल्ली आमच्यामागे परसात शिरली. मी विहिरीकडचा कोपरा खणायला लागलो. कमरेइतकं खाली गेल्यावर गोणपाट लागलं. गोणपाटात माझा सूक्ष्मदर्शक होता. भिंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

फतेचंद शेठ धावत आला होता. तो जमादाराच्याही आधी ओरडला, "बघा! पुरून ठेवलं व्हतं कोळ्यानं! सावकाश काढून न्यायचा बेत!"

गल्लीनं होकार भरला. जमादारानं जानकूच्या मानेवर हात ठेवला. मी इतका वेळ ज्याला सोडवायला खणत होतो, त्याला मीच फासात अडकवलं होतं.

५

"जमादार," मी ओरडलो, "ज्यानं हे पुरलं, त्यानं आधी ह्या कोपऱ्यातल्या अळ्या काढल्या. त्या त्यानं कुठे टाकल्या असत्या? जानकू असता तर?"

"टाकल्या आस्त्या बाजूला," जमादार म्हणाला.

"बाजूला इस्माईलच्या कोंबड्या दिवसभर हिंडतात. एक अळी राहिली नसती. इकडे या." मी त्याला शेवग्याखाली नेलं. "ह्या बघा त्या अळ्या. एकेक हातानं वेचलेली. खायला शेण घातलंय. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून काटे घातलेत. वाळू नयेत म्हणून पाणी शिंपडलंय, तेही आज सकाळी. आज सकाळी जानकू तुमच्या चावडीत बांधलेला होता. यंत्र चोरायची घाई असताना किड्याचासुद्धा जीव जाऊ नये म्हणून कोण जपेल? इस्माईल? तुम्ही? मी तर रोज त्यांना मारतो."

माना एकेक करून फतेचंद शेठकडे वळल्या. शेठचा चेहरा उतरला. त्यालाही हे आत्ताच कळत होतं, हे मी पाहिलं.

"मी जुन्नरला व्हतो," तो हळूच म्हणाला.

"होतात. आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन झाडाखाली तुम्ही कधी वाकला असाल असं मला वाटत नाही. तुमच्या घरात पाणी कोण भरतं, कोण गाळतं, गाळून उरलेला जीव कोण जपून सोडतं, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मागच्या दारात झमकूबाई उभी होती. तिनं नाही म्हटलं नाही.

"जमादार, गर्दी बाहेर काढा," मी म्हणालो. जमादाराला ते पटलं, कारण आता प्रकरण शेठच्या घरातलं होतं आणि त्याचा आवाजच बदलला होता. त्यानं जानकूचे हात सोडले आणि लोकांना गल्लीत हाकलायला गेला. दाराशी आम्ही चौघंच उरलो.

"तुमी रोज वर बघायचा," झमकूबाई मला म्हणाली. "आमच्या माडीकडं. ती नळी घेऊन."

"वळचणीला गांधीलमाश्या बसत. त्या पाहत होतो मी."

"माझी लेक भंवरी हाय वर. ताप येतोय तिला. एकाआड एक दिस थंडी वाजून येतो. गाठ न्हाई अंगावर, काय न्हाई. पण गाठ बघतोय कोण? माझ्या पोराला बी साधाच ताप व्हता. गाडीत घातला. छावणीत मला आत सोडलं न्हाई. परत आलं ते नुसतं त्याचं नाव. मला वाटलं, नळीच न्हाई राह्यली तर तुमाला काय दिसंल?"

एकाआड एक दिवस थंडी वाजून येतो तो हिवताप, एवढं माझ्यासारख्या किडेवाल्यालाही कळत होतं. मी तसं सांगितलं. पण त्या साली ताप ह्या शब्दालाच गाडी येई, हेही मला कळत होतं, आणि तिची कीव आली. मग माझी नजर जानकूच्या पायांकडे गेली आणि कीव ओसरली.

"बाई, ह्याला चावडीत मारत होते तेव्हा तुम्ही अळ्यांवर पाणी शिंपडत होता. इथपर्यंत आवाज येतो."

"येत व्हता."

"मग?"

"पोर वर व्हती," ती म्हणाली. शेवग्याखालच्या ढिगाकडे पाहत तिनं विचारलं, "त्या जिवांचं काय झालं? जगल्या का?"

मी सांगायला नको होतं, पण मला संताप आला होता. "एकही जगणार नाही. दाट खतात निदान काही वाचल्या असत्या. तुम्ही सगळ्या टोपलीभर शेणात वरच्यावर मांडून ठेवल्यात. गांधीलमाशीच्या मिशांना ते ताबडतोब कळलं. सगळ्या लुळ्या झाल्या आहेत आणि त्यांच्या पोटांवर अंडी आहेत."

ती भिंतीला टेकली. मग तिनं जानकूपुढे हात जोडले. भाद्रपदात पर्युषण संपलं की ही माणसं घरोघर जाऊन अशीच क्षमा मागतात.

"चुकलं माझं. क्षमा कर मला."

"न्हाई," जानकू म्हणाला.

इतकं सरळ उत्तर तिनं कधी ऐकलं नसावं. फतेचंद खिशात हात घालून काही पुटपुटायला लागला, तर जानकूनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, किड्याला हात लावताना बी तुमी जपलंत. मला कुणी जपलं? मी बी ह्याच परसात वावरत व्हतो. मला बी तुमी रोज बघत व्हता."

जमादार परत आला. "हां, शेठ, काय झालं मग? वयनींनी का केलं आसं? वर कोण आजारी-बिजारी हाय काय? गल्लीत काय काय बोलत्यात."

फतेचंदचा खिशातला हात तिथेच थांबला. मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण खोटं मला पटकन सुचत नाही. जानकू जवळ होता. एका शब्दात त्याला हे आख्खं घर उघडं करता आलं असतं, आणि त्यानं केलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

"वर कुणी न्हाई," जानकू म्हणाला. "पितळ बघून बाईंना मोह पडला. चोरी केली. त्या सोताच सांगणार हायेत, भाईर गल्लीत. समद्यांम्होरं." तो झमकूबाईकडे वळला. "सांगताय न्हवं, बाई?"

जमादार हसायला लागला, मग त्यानं हसू आवरलं. शेठच्या घरची बाई आणि पितळेची चोर! तक्रार माझी होती आणि मी ती मागे घेतली. म्हणजे कोळ्याला दोन दिवस मार, आणि इथे कैदेचं नावही नाही. जानकूला हे माझ्याआधी माहीत होतं, म्हणून त्यानं शिक्षा स्वतः ठरवली होती.

झमकूबाईनं एकदा माडीकडे पाहिलं. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ती पुढच्या दारानं बाहेर गेली. गल्ली खचाखच भरलेली. नवरा गेल्यापासून ह्या बाईनं उंबऱ्याबाहेर उभं राहून चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं.

"यंत्र मी चोरलं," ती म्हणाली. "पितळेला भुलून. जानकूनं चोरलं न्हाई. चोर मी हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू आलं न्हाई, वयनी!" चार जण खिदळले.

ती जानकूकडे बघत राहिली. जानकू मान हलवेना. तेव्हा तिनं पुन्हा, सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "चोर मी हाय."

जानकूनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि भिंतीला धरत धरत डोंगराच्या वाटेला लागला. मी मागून हाक मारली, मजुरी घेऊन जा म्हणालो, गाडी करून देतो म्हणालो. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.